भिकाच्या मापाची होडी

खंडेराव बोरस्ते दुकानाच्या पायरीवर दिसला की मी मनातल्या मनात हात जोडायचो. नाशकात पवननगरला माझं हार्डवेअरचं दुकान आहे, त्याला सव्वीस वर्षं झाली. गिऱ्हाईक येतं, स्क्रू मागतं, खिशात टाकतं, जातं. खंडेराव एकेक स्क्रू उजेडात धरणार, नखानं आटे चाचपणार आणि म्हणणार, "शेठ, ह्या पाकिटात सात बरे हायेत. बाकीचे तुम्हाला ठेवा." पन्नासच्या पाकिटातले उरलेले त्रेचाळीस मी काय लोणच्यात घालू?

पण माणूस खोडसाळ नव्हता. अंबडच्या एका कारखान्यात तो एकतीस वर्षं टूलरूमला फिटर होता. पत्र्याचे भाग ज्या साच्यातून दाबून निघतात, ते साचे तो घासून-पुसून जुळवायचा. त्याच्या हातचा साचा प्रेसवर चढला की दुरुस्तीला परत खाली आला नाही, असं त्याच्याबरोबरचे लोक अजून सांगतात. रिटायर झाला तेव्हा कंपनीनं भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते आठवड्याला दोन मिनिटं मागं पडायचं. यानं दुसऱ्याच दिवशी ते उघडलं आणि ते बरोबर चालेपर्यंत बायकोला स्वयंपाकघराचं टेबल वापरू दिलं नाही.

गोष्ट या खंडेरावाची आहे, पण भिका भोयेला सोडून ती सांगता येत नाही.

भिका पेठच्या डोंगरातला. विशीत नाशकात उतरला, त्याच कारखान्यात प्रेस चालवायला लागला आणि सिडकोत खंडेरावाच्या मागच्या गल्लीत राहायला आला. अंगानं वाळका, बोलायला गोड आणि पाण्याचा वेडा. लहानपणी ओढ्यात हातानं मासे धरलेला माणूस. त्याला रविवारी घरात बसवलं तर तो आजारी पडायचा. दर रविवारी गळ घेऊन तो गंगापूर धरणाच्या फुगवट्याला, सावरगावच्या बाजूला जायचा आणि खंडेराव त्याच्यासोबत. आता यातली गंमत अशी, की खंडेराव मासा खात नाही. काठावर बसून शेंगदाणे खायचा आणि सबंध आठवड्याच्या तक्रारी सांगायचा. भिका पाण्यावरची नजर न हलवता म्हणायचा, "खंडू, तोंड बंद. मासा आवाजाला बिचकतो." मग खंडेराव शेंगदाणे चावायचंही थांबवायचा. तीस वर्षं हे असंच चाललं.

मध्ये एक वाईट गोष्ट घडली होती. ती खंडेरावानं मला एकदाच सांगितली आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. नव्याण्णव साली भिकाच्या प्रेसला हात आत जाऊ नये म्हणून जाळी बसवायची होती. जाळी खंडेरावानंच केली होती. एका बोल्टचं भोक जुळेना, माल निघायची घाई, सुपरवायझर डोक्यावर उभा. खंडेराव म्हणाला, "आज चालवा, ते उद्या करतो." त्याच पाळीत जाळी सरकली आणि भिकाच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली. दवाखान्यात खंडेराव त्याच्या पायाशी बसून रडत होता. भिका म्हणाला, "कशाला रडतो? आठ हायेत अजून." त्या दिवसापासून खंडेरावाच्या हातून अर्धं काम कधीच बाहेर पडलं नाही. त्याची ती स्क्रू तपासायची खोड कुठून आली, ते मला तेव्हा कळलं, आणि मनात हात जोडायचं मी बंद केलं.

मागच्या वर्षी जूनमध्ये भिकाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. दोन महिन्यांनी चार पायांच्या काठीवर तो कसाबसा चालायला लागला, पण शब्द परत आले ते तीनच. "खंडू", "चल" आणि "बास". त्यातूनच तो सगळं काम भागवायचा. बाकी समजायचं सगळं. डोकं शाबूत होतं, आणि तेच जास्त वाईट होतं असं त्याची बायको सावित्रीबाई म्हणायची.

रविवारी सकाळी तो टोपी घालून दारात बसायला लागला. कुणी काही विचारलं नाही की संध्याकाळपर्यंत तसाच बसायचा. खंडेरावानं एकदा रिक्षा करून त्याला धरणावर नेलं. काठ चिखलाचा आणि उताराचा. तीन पावलांत काठी रुतली, भिका आडवा झाला, आणि पडलेल्या जागी, चिखलात, तो लहान मुलासारखा रडला. खंडेराव त्याला धुऊन-पुसून घरी घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन उभा राहिला.

"शेठ, काठावरून त्याला जमणार नाय. त्याला पाण्यावरच बसवायला पाहिजे."

"म्हणजे?"

"होडी. एकट्याची. बसून गळ टाकता येईल अशी. दोरी बांधून दुसरं टोक मी काठावर धरीन."

मी म्हटलं, खंडेराव, एका हाताचा माणूस होडीत! त्यानं खिशातून मोबाइल काढून मला व्हिडिओ दाखवला. परदेशातला एक लठ्ठ माणूस प्लॅस्टिकच्या निमुळत्या होडीत बसून मासे धरत होता. कयाक म्हणतात तिला. होडीला त्यानं घरच्या घरी काय काय जोडलं होतं: गळ ठेवायला पाइप, मागं सामानाचं खोकं, नांगर टाकायला दोरी. खंडेराव आवाज बंद करून बघत होता. इंग्रजी त्याला कळत नव्हतं. हात काय करतात, तेवढंच तो बघायचा, आणि ते त्याला पुरत होतं.

धरणाकाठच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टच्या मागं अशी एक कयाक उन्हात पडलेली होती. लाल रंग उडून गुलाबी झालेली, बुडाला चीर. माझ्याच टेम्पोतून ती ऑगस्टमध्ये सिडकोत आली. खंडेरावाच्या घराशेजारी पत्र्याची चिंचोळी शेड आहे, तिथे दोन लाकडी घोड्यांवर ती ठेवली. गल्लीतली पोरं दोन दिवस बघून गेली, मग कंटाळली. भिका मात्र रोज यायचा. सकाळी दहाला काठी टेकत यायचा, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचा आणि संध्याकाळी सावित्रीबाई न्यायला येईपर्यंत बसून राहायचा. टेपचं टोक धरायचा, तीन बोटांत नट पकडून द्यायचा. त्याचा चेहरा पुन्हा माणसात आला.

खंडेरावानं आधी चीर प्लॅस्टिकची कांडी वितळवून भरली. मग दीड इंची पीव्हीसी पाइप गॅसच्या शेगडीवर शेकून त्याचं तोंड फुलवलं आणि गळाच्या काठीसाठी उभं नळकांडं केलं. ते डाव्या बाजूला, कारण भिकाचा चालता हात डावा. काठी नळकांड्यात घट्ट बसली की त्याच हातानं दोरा गुंडाळता आला पाहिजे, म्हणून रिळाची मूठ बदलली. तीन बोटांत बसेल अशी जाड केली, वर रबर चढवलं. बसायच्या जागेला पाठ केली आणि उजवीकडे उंच कठडा, म्हणजे भिकाचं जड अंग कललं तरी पडायला नको. होडी उलटू नये म्हणून चार इंची पाइपांची तोंडं बंद करून दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर तरंगते दांडे लावले. मागं टोमॅटोचं क्रेट. वल्हं मधोमध एका खुंटीवर फिरतं ठेवलं, म्हणजे एकाच हातानं दोन्हीकडे मारता येईल.

खरं सांगतो, मलाही त्यात मजा यायला लागली होती. जन्मभर मी लोकांना खिळे विकले, त्या खिळ्यांचं पुढं काय होतं ते कधी पाहिलं नव्हतं. आता दुपारी शटर अर्धं ओढून मी शेडमध्ये जाऊन बसायचो. "खंडेराव, हे स्क्रू गंजतील, स्टेनलेसचे मागवू," असं मीच म्हणायचो. मागवायला आठवडा जायचा. जाऊ दे, म्हणायचो. काम कसं नंबर एक झालं पाहिजे.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी होडी तयार झाली. तयार म्हणजे माझ्या-तुमच्या हिशेबानं तयार. खंडेरावानं भिकाला दुकानात आणून माझ्या खिळे मोजायच्या काट्यावर उभं केलं, छप्पन्न किलो. मग भिकाची जुनी कंपनीची डांगरी, कामावर घालायचा तो सलग पोशाख, मागून घेतली आणि तिच्यात छप्पन्न किलो वाळू भरली, पिशव्या-पिशव्यांनी, उजवीकडे थोडी जास्त. विंचूरला खंडेरावाच्या पुतण्याचं शेततळं आहे. तिथे आम्ही टेम्पो घेऊन गेलो, तिघं.

वाळूचा भिका होडीत बसवला आणि होडी पाण्यावर सोडली. ती डुलली, थांबली, सरळ उभी राहिली. खंडेरावानं तिच्यावर आधीच पाणसळ ठेवली होती. दोरीनं होडी जवळ ओढून बघितलं तर बुडबुडा बरोबर मधे. त्यानं ती चार वेळा ओढली, हलवली, मुद्दाम तिरकी केली. दर वेळी सरळ. मी टाळ्या वाजवल्या. भिका बांधावर खुर्चीत बसून आपलीच डांगरी पाण्यावर फिरताना बघत होता. आधी हसला. खूप हसला. मग काठी टेकत उठला, होडीकडे हात केला आणि म्हणाला, "खंडू. चल."

"अजून थोडं राहिलंय," खंडेराव म्हणाला. "नांगराचं राहिलंय. वाऱ्यानं होडी फिरली तर तू एका हातानं काय करशील?"

हे बरोबरच होतं. त्या वेळी मला ते अगदी बरोबर वाटलं. पण आज तो दिवस वेगळा दिसतो. पाणी शांत होतं, होडी सरळ होती, दोरी आमच्या हातात होती. त्या दिवशी पाण्यावर वाळू बसून आली आणि भिका काठावर राहिला.

मग सुरू झालं ते राहिलेलं काम. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात ना, ते शेपूट दिवाळीपासून संक्रांतीच्याही पुढं चाललं. पाय टेकायची पट्टी पाऊण इंच पुढं घ्यायची होती. ती घेतली तर गुडघा कठड्याला लागायला लागला, म्हणून कठडा बदलला. कठडा बदलला म्हणून वजन सरकलं, वजन सरकलं म्हणून दांडे पुन्हा लावले. एकेकदा माझ्या तोंडून आमची नामपूरची अहिराणी निघून जायची, "कितला दिन लावशी रे भो!" खंडेराव वर न बघता कानस चालवत राहायचा.

सगळ्यात घोळ घातला तो नांगराच्या कप्पीनं. होडीच्या कडेनं पुढून मागं एक दोरी, तिच्या दोन्ही टोकांना कप्प्या. दोरी ओढली की नांगराची गाठ पुढं किंवा मागं सरकायची, म्हणजे भिकाला जागेवरून न हलता, एका हातानं, होडीचं तोंड हवं तिकडे धरता येणार होतं. काम नामी होतं. पण दोरी ओढली की मागची कप्पी वाजायची. कुईं. तेवढंच. गल्लीतल्या कुत्र्यानंही कान टवकारले नसते. पण खंडेरावाचं तोंड उतरलं.

"मासा आवाजाला बिचकतो," तो म्हणाला.

त्यानं कप्पीच्या भोकात पितळेचं बुश, म्हणजे बारीक नळीसारखं कडं, घातलं. आवाज कमी झाला, गेला नाही. ग्रीस भरलं, थंडीत घट्ट झालं आणि दोरी अडकायला लागली. मग नायलॉनचं चाक करायचं ठरलं, त्यासाठी अंबडच्या एका ओळखीच्या वर्कशॉपकडे नायलॉनचा ठोकळा लेथवर कातायला दिला. त्यांच्याकडे काम तुंबलेलं, बारा दिवस गेले. आलेलं चाक केसभर तिरकं. परत पाठवलं. मीही म्हणालो, आलंय तसं कशाला घ्यायचं, परत पाठवा.

संक्रांतीच्या दिवशी भिका नवा शर्ट घालून आला. आम्ही तिळगूळ वाटत होतो, तेवढ्यात तो काठी भिंतीला टेकवून, कठड्याला धरून, कुणाची मदत न घेता लाकडी घोड्यांवरच्या होडीत चढला. पडला असता. पडला नाही. जागेवर बसला, पाय पट्टीवर लावले, डावा हात वल्ह्यावर ठेवला. ते सगळं त्याच्या अंगाला असं बसलं होतं की बघत राहावं. तो म्हणाला, "चल."

"पुढच्या रविवारी नक्की," खंडेराव म्हणाला.

"चल. चल. चल."

"अरे, कप्पी..."

भिकानं तीन बोटांचा हात होडीच्या काठावर आपटला. "बास!" मग पुन्हा, हळू, "खंडू, बास." दोन तास तो खाली उतरला नाही. शेवटी सावित्रीबाई आली, तिनं दारातूनच समजूत घातली, आणि मीही घातली. मी काय म्हणालो ते मी विसरणार नाही. मी म्हणालो, "भिकाभाऊ, एवढे दिवस थांबलात, आता नीट होऊ द्या. घाई काय आहे?" एका जागी बसून राहिलेल्या माणसाला मी घाई करू नको म्हणून सांगितलं. काय अक्कल होती माझी!

पुढच्या रविवारी वारा सुटला. त्याच्या पुढच्या रविवारी खंडेरावाच्या पुतणीचं लग्न. मग नवं चाक आलं, ते चांगलं होतं, पण कप्पीच्या कानांना, म्हणजे बाजूच्या पट्ट्यांना, थोडं घासत होतं. भिका त्यानंतरही यायचा, पण टेपचं टोक धरायचा नाही. खुर्ची शेडच्या तोंडाशी ओढून, रस्त्याकडे तोंड करून बसायचा. आम्ही दोघांनीही ते बघितलं आणि काम चालू ठेवलं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या बुधवारी सकाळी भिकाला दुसरा झटका आला. खंडेराव दवाखान्यात धावला तेव्हा कप्पी व्हाइसमध्ये पकडलेली होती आणि कानस तिच्यावरच पडली होती. भिका चार दिवस डोळे मिटून होता. खंडेराव बाहेरच्या बाकावर बसून होता. मी डबा नेला तो त्यानं तसाच परत पाठवला. रविवारी पहाटे भिका गेला. मला आठवतं, बाहेर आलो तर झाडाचं पानही हलत नव्हतं. असं बिनवाऱ्याचं हवामान आम्ही संक्रांतीपासून मागत होतो.

दहावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी शेडमधून कानशीचा आवाज आला. मी दुकान उघडं टाकून गेलो. खंडेराव कप्पीचे कान घासत होता. मला राग आला, खरंच आला. म्हटलं, आता कुणासाठी? त्यानं चाक बसवलं, दोरी ओवली, ओढली. काही आवाज नाही. पुन्हा ओढली. काही नाही. मग तो जमिनीवर बसला आणि दोरी हातात धरून, तोंडानं आवाज न करता रडला. माझ्या बायकोला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "बैल गेला आणि झोपा केला." म्हण बरोबर होती, पण मी तिच्यावर ओरडलो.

चार दिवसांनी तो म्हणाला, "शेठ, टेम्पो द्या." सावरगावला होडी पाण्यात सोडून तो स्वतः तिच्यात बसला. पण बसताच येईना. खंडेराव भिकाच्या दीडपट. उजवा कठडा त्याच्या बरगडीत रुतत होता, गुडघे वर येत होते. गळ, रीळ, नांगराची दोरी, सगळं डाव्या हाताला, आणि हा जन्माचा उजव्या हाताचा. रिळाची तीन बोटांची मूठ त्याच्या पाच बोटांत बसत नव्हती. त्याच्या वजनानं एक दांडा पाण्याखाली गेला. तो थोडा वेळ तसाच, वाकडा, बसून राहिला. मग मी दोरी ओढून त्याला काठाला घेतलं.

परत येताना टेम्पोत मी त्याला म्हणालो, "खंडेराव, असं बघा, ते सहा महिने भिकाभाऊ खुशीत होते. रोज सकाळी आवरून कामावर आल्यासारखे यायचे. घरात पडून राहिले असते तर आधीच गेले असते. तुम्ही त्यांना सहा महिने दिले." हे मी त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं, आणि थोडं मलाही.

खंडेराव खिडकीबाहेर बघत म्हणाला, "त्याला कामावर यायचं नव्हतं, शेठ. त्याला पाण्यावर जायचं होतं."

त्यानंतर मी त्याची समजूत घालणं सोडून दिलं.

सावित्रीबाई सव्वा महिना घराबाहेर पडली नाही. मग एका दुपारी ती शेडमध्ये आली. मी तिथेच होतो. डोक्यावर पदर, हातात भिकाची काठी. ती काठी घेऊन चालायची तिला गरज नव्हती, पण घेऊन आली होती. म्हणाली, "भाऊजी, रोज यायचे ते इथं. मी नुसती दारातून न्यायला यायची, आत कधी बघितलंच नाय. काय केलंय ते बघू तरी."

खंडेरावानं तिला एकेक दाखवलं. हे नळकांडं, इथे गळ राहतो. ही मूठ, तीन बोटांची. हा कठडा, उजवी बाजू टेकायला. ती प्रत्येक वस्तूला हात लावत होती. कठड्यावर तिचा हात जरा जास्त वेळ राहिला. खंडेरावानं भिकाच्या खांद्यापर्यंत त्याचं माप घेतलं होतं, आणि ती उंची तिला हातानं कळली असणार. मग तिनं नांगराची दोरी ओढून बघितली. ती सरसर सरकली.

"लय कष्ट घेतले तुम्ही," ती म्हणाली. "सख्खा भाऊ करणार नाय. पण देवाच्या मनात नव्हतं. तुमची होडी व्हायला आन् त्यांचं जायला एक गाठ पडली. वेळच नाय भेटला, काय करणार?"

मी पटकन म्हणालो, "हो ना वहिनी. वेळच मिळाला नाही." आणि खंडेरावाकडे बघितलं. मनात म्हणत होतो, हो म्हण रे बाबा. एवढं एकदा हो म्हण आणि सुट. बाईनं आपणहून दार उघडून दिलंय. तिलाही त्यातच बरं आहे.

खंडेराव बराच वेळ कानशीतला चुरा अंगठ्यानं काढत राहिला.

"वेळ होता वहिनी," तो म्हणाला. "दिवाळीच्या आधीच तरंगली होती ही. विंचूरला. शेठ होते, भिका होता. सरळ तरंगली होती."

सावित्रीबाई त्याच्याकडे बघत राहिली. बोटांवर काही मोजल्यासारखे तिचे ओठ हलले. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

"मग का नाय नेलं?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती.

"कप्पी वाजत होती."

तिला कळलं नाही. त्यानं मागच्या कप्पीवर बोट ठेवलं. तिनं वाकून तिच्याकडे बघितलं, एवढीशी ती, रुपयाएवढी, होडीच्या शेपटीला.

"लय वाजायची का?"

"नाय वहिनी," खंडेराव म्हणाला. "थोडीशीच."